बलोपासनेची मराठी परंपरा आणि आपण

मंडळाचा सुवर्णमहोत्सव म्हटला की स्मरणिकेच्या पानांतून गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, ग्रंथालय, हळदीकुंकू आणि कोजागरी यांचा इतिहास ओघानेच येतो, आणि तो यावा हे योग्यच आहे. परप्रांतात आपली भाषा आणि आपले संस्कार टिकविण्याचे कार्य ह्याच उपक्रमांनी केले. परंतु मराठी माणूस देशांतराला निघाला तेव्हा त्याच्या गाठोड्यात केवळ पोथी, तंबोरा आणि गणपतीची मूर्ती नव्हती. त्यात लंगोट होता, हातात फिरविण्याची जोडी होती आणि मारुतीची उपासना होती. जेथे मराठी वस्ती झाली तेथे गणपतीच्या देवळाबरोबर तालीमही उभी राहिली. नाट्यसंगीत आपण जपले, मोदक जपले. तालमीचे काय झाले, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात ह्या बलोपासनेच्या परंपरेचा आणि तिच्याशी जोडलेल्या आहाराचा मागोवा घेऊन, जबलपूरसारख्या दूरच्या नगरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना त्यापासून आज काय घेता येईल, ह्याचा विचार करावयाचा आहे.

घोड्यावरून खुर्चीकडे

जबलपूरशी मराठ्यांचा राजकीय संबंध १७८१ साली आला. सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याच्या गोंड राज्याचा शेवट केला आणि हा प्रदेश आपल्या अमलाखाली आणला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ साली इंग्रजांनी तो घेतला. ह्या काळात येथे आलेले मराठी लोक घोड्यावर बसून आले. मजल दरमजल करीत नर्मदा ओलांडणाऱ्या त्या माणसांना निराळा व्यायाम करण्याची आवश्यकता नव्हती. त्यांचे जीवन हाच व्यायाम होता.

दुसरी लाट लोहमार्गाने आणली. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही शहरे जबलपूरमार्गे रुळांनी जोडली गेली. मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे शाळा, कचेऱ्या, न्यायालये यांत मराठी शिक्षक, कारकून आणि वकील येथे येऊ लागले. १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला आणि कुशल कारागिरांची भर पडली. १९५६ साली नव्या मध्यप्रदेशाची रचना होऊन उच्च न्यायालय जबलपुरास आले, विद्युत मंडळाचे मुख्यालय येथे राहिले, विश्वविद्यालय स्थापन झाले. त्यामुळे तिसरी लाट आली ती अधिकारी, अभियंते आणि प्राध्यापक यांची.

ह्या तीन लाटांकडे शरीराच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. पहिल्या पिढीच्या हाती लगाम होता, दुसरीच्या हाती लेखणी आणि हातोडा, तिसरीच्या हाती फाईल आली. आणि आज चौथ्या पिढीच्या हाती संगणकाचा कळफलक आहे. पदोन्नतीबरोबर खुर्ची अधिकाधिक मऊ होत गेली. हे घडू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु जे श्रम जीवनातून गेले त्यांची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढावयास हवी, ही जाणीव आपल्या पूर्वजांना आपल्यापेक्षा अधिक होती, असे इतिहास सांगतो.

मल्लविनोद आणि अन्नभोग

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. तो सुमारे ११३० साली रचला गेला. राजाने काय जाणावे आणि कशात रमावे ह्याचा तो जणू कोशच आहे. त्यात मल्लांच्या शिक्षणाचे आणि कुस्त्यांचे वर्णन आहे, खांबावर करावयाच्या व्यायामाचा उल्लेख आहे, आणि त्याच ग्रंथात 'अन्नभोग' ह्या नावाने नाना प्रकारच्या पाकांचेही विवेचन आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या ह्या ग्रंथकर्त्याने व्यायाम आणि अन्न हे दोन्ही विषय एकाच ग्रंथात योग्य मानले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली. कृष्णाखोऱ्यातील अकरा मारुती प्रसिद्धच आहेत. मारुतीच्या देवळाशेजारी तालीम हे समीकरण मराठी मुलखात इतके रूढ झाले की गावच्या पोराला देवाला नमस्कार आणि मातीला नमस्कार ह्यांत भेद वाटेनासा झाला.

ह्या परंपरेतील सर्वांत मनोरंजक पुरुष म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर. अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य पहिलवान पेशव्यांच्या दरबारी आव्हान घेऊन आले, बाळंभटदादांनी मुदत मागून सप्तशृंगीच्या वणीस अनुष्ठान केले, तेथे त्यांना मारुतीरायाने लाकडी खांबावर डाव शिकविले आणि परत येऊन त्यांनी कुस्ती जिंकली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेतील चमत्काराचा भाग सोडून दिला तरी मागे पडलेली मल्लखांबविद्या त्यांनी पुन्हा उभी केली, हे सर्वमान्य आहे. पेशवाई संपल्यावर बाजीराव ब्रह्मावर्तास गेले आणि त्यांच्याबरोबर व त्यांच्यामागून अनेक मराठी कुटुंबे उत्तरेत पसरली. काशीस बाळंभटदादांच्या परंपरेचा आखाडा उभा राहिला. शिंद्यांच्या आणि होळकरांच्या माळव्यातही ही विद्या रुजली.

आपल्या राज्यापुरता ह्याचा परिणाम फार अभिमानास्पद आहे. २०१३ साली मध्यप्रदेश शासनाने मल्लखांबास राज्याच्या खेळाचा मान दिला. उज्जैनचे मल्लखांब प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मराठी माणसाने बरोबर आणलेली विद्या येथल्या मातीने इतकी आपलीशी केली की ती आता ह्या प्रांताची ओळख झाली आहे. पाहुणा म्हणून आलेली कला घरची झाली; परंतु जे तिला घेऊन आले त्यांच्या नातवंडांपैकी किती जणांनी मल्लखांबाला हात लावला आहे, ह्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी शोधावे.

संस्थांचे युग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र परिस्थिती पालटली. शिकलेला मराठी तरुण तालमीपासून दुरावू लागला, डोळ्यांवर चष्मा आणि पाठीला बाक ही विद्वत्तेची लक्षणे ठरू लागली. ह्या अवस्थेतून समाजाला बाहेर काढण्यासाठी पुढील पन्नास वर्षांत जे कार्य झाले त्याला भारताच्या इतिहासात तोड सापडणे कठीण आहे.

बडोद्यास जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद होते. आपली सारी विद्या त्यांनी माणिकराव नावाच्या हिंदू शिष्याला दिली, आणि त्या शिष्याने गुरूचे नाव आपल्या व्यायाममंदिरास दिले. प्रोफेसर माणिकराव ह्या नावाने ते पुढे देशभर प्रसिद्ध झाले. एकट्याने घुमत बसण्याचा व्यायाम शेकडो मुलांनी एका तालात, देशी भाषेतील आज्ञांवर करावा, ही सांघिक व्यायामाची पद्धत त्यांनी रूढ केली. शाळेच्या मैदानावर आपण लहानपणी जी कवाईत केली तिच्यामागे ह्या माणसाचे परिश्रम आहेत. बडोद्यातूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायामज्ञानकोश' काढला. १९३६ ते १९४९ ह्या काळात त्याचे दहा खंड मराठीत प्रसिद्ध झाले. व्यायाम ह्या एका विषयाला दहा खंड वाहणारी भाषा आपली आहे, हे आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

माणिकरावांचेच एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. योगासने ही गूढ सिद्धी मिळविण्याची साधने आहेत ह्या समजुतीत न अडकता, आसने आणि बंध करताना शरीरात नेमके काय घडते हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे यांच्या साहाय्याने पाहिले, आणि 'योगमीमांसा' ह्या त्रैमासिकातून ते जगापुढे ठेवले.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण अमरावतीचे. जबलपूर आणि अमरावती ही नगरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. तेथे १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले तेव्हा ह्या मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. वऱ्हाडातल्या एका गावच्या आखाड्यातून निघालेले तरुण युरोपच्या राजधानीत आपले देशी खेळ दाखवितात, ही घटना पारतंत्र्याच्या काळात केवढा धीर देणारी होती, ह्याची कल्पना आज करणे अवघड आहे.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांची कथा तर प्रत्येक सुखवस्तू गृहस्थाने वाचावी अशी आहे. त्या काळी युजेन सँडो ह्या युरोपीय पहिलवानाचे नाव सर्वतोमुखी होते. बाळासाहेबांनी त्याची साधने आणि पुस्तके मागविली आणि सुमारे दहा वर्षे निष्ठेने तो व्यायाम केला. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत. दहा अवस्थांचा हा नमस्कार त्यांनी संस्थानातील शाळांत मुलामुलींना शिकविला. राजवाड्यातील स्त्रियाही नमस्कार घालीत. १९३८ साली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' ह्या नावाने त्यांचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ह्या साऱ्या पद्धतीला लागते काय? माणूस उभा राहील एवढी जागा आणि पहाटेचा थोडा वेळ. ज्याला खजिन्यातून कोणतेही यंत्र मागविता आले असते त्या राजाने बिनखर्चाचा व्यायाम निवडला, हे विशेष.

मातीने काय दिले

ह्या संस्थांनी व्यक्तीला बळ दिले हे तर उघडच आहे. परंतु त्यांनी समाजाला काय दिले हे पाहिले म्हणजे त्यांचे खरे मोल कळते. तालमीच्या हौद्यात उतरताना माणूस अंगावरचे कपडे काढून ठेवतो, आणि त्यांबरोबर जात, हुद्दा आणि पैसा हेही बाहेर राहतात. तांबड्या मातीने माखलेल्या दोन देहांत सावकाराचा कोणता आणि कुळाचा कोणता हे ओळखता येत नाही. जुम्मादादा आणि माणिकराव यांचे नाते हे ह्याच मातीतून उगवले. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे भव्य कुस्ती मैदान बांधले, आणि नाना जातींच्या मल्लांना राजाश्रय दिला. त्याच भागातील, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक होय.

तालमीत वेळ पाळावी लागते, वस्तादाची आज्ञा पाळावी लागते, आणि हरल्यावर जिंकणाऱ्याच्या हातात हात द्यावा लागतो. गावावर पूर, आग अथवा साथ आली की प्रथम धावून जाणारी मुले बहुधा तालमीचीच असत. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मिरवणुकीपुढे लेझमीची पथके चालत ती ह्याच मुलांची. म्हणजे व्यायाम हे एकट्याच्या देहाचे व्रत असले तरी त्याचे उद्यापन समाजात होत असे. आज आपण व्यायाम पुन्हा एकट्याचा केला आहे. कोणी पैसे भरून यंत्रावर धावतो, कोणी घरी भिंतीकडे तोंड करून आसने करतो. आणि दोन-चार महिन्यांत दोघांचाही उत्साह मावळतो. सोबत नसली की नियम टिकत नाही, हे वस्तादांना पक्के ठाऊक होते.

मल्लाचा खुराक आणि कारकुनाचे ताट

आता आहाराकडे वळू. मल्लाचा खुराक हा शब्द उच्चारताच दूध, तूप, बदामाची थंडाई डोळ्यांपुढे येते. शेकडो जोर आणि बैठका काढून, मातीत दोन-दोन तास झुंजणाऱ्या देहाला ते पचत असे. आपली गोष्ट निराळी. आपण जोर-बैठका सोडल्या आणि खुराक तेवढा ठेवला! त्यात जबलपूरची भर पडली. खोव्याची जलेबी आणि गरमागरम मंगोडे ह्यांचे वर्णन करून वाचकांच्या संयमाची परीक्षा पाहण्याची इच्छा नाही. सणावाराला ह्या पदार्थांचा आस्वाद कोणीही घ्यावा. परंतु रोजच रविवार झाला म्हणजे वैद्याचे फावते.

वास्तविक आपले परंपरागत ताट हे मोठ्या विचाराने वाढलेले असे. डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर, उजव्या बाजूस भाजी आणि उसळ, मध्ये भात-वरण किंवा भाकरी, आणि शेवटी ताक. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी आणि ताक ह्या साध्या जेवणात आजचा आहारशास्त्रज्ञ जे मागतो ते बहुतेक सारे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात ताटाचा सुमारे अर्धा भाग भाज्या आणि फळे यांनी व्यापलेला असावा, असे सांगितले आहे. आपल्या आजच्या ताटात कोशिंबीर चमचाभर उरली आहे आणि मीठ, लोणचे व पापड मात्र वाढले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सर्व पदार्थांतील मिळून एक लहान चमचा.

उपवासाची कथा तर 'एकादशी, दुप्पट खाशी' ह्या म्हणीतच आली आहे. साबुदाणा आणि बटाटा ही दोन्ही पिके मूळची दक्षिण अमेरिकेतील; ती आपल्या उपवासात शिरली ती अलीकडची. त्यांच्यापूर्वीचे उपवासाचे धान्य म्हणजे वरी. आणि येथे जबलपूरकरांना आनंद व्हावा अशी एक गोष्ट सांगावयाची आहे. सह्याद्रीच्या उतारावर, नाशिक आणि कोकणाकडे पिकणारी वरी आणि आपल्या शेजारच्या मंडला-डिंडोरी भागातील गोंड व बैगा शेतकरी पिकवितात ती कुटकी, ही दोन्ही एकाच जातीची धान्ये आहेत. कुटकी आणि तिची सखी कोदो ही थोड्या पावसावर, हलक्या जमिनीत येतात. त्यांत तंतूंचे प्रमाण चांगले असते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले तेव्हा नगरवासीयांचे लक्ष ह्या धान्यांकडे गेले. परंतु येथल्या डोंगरांतील लोक ती पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर वऱ्याचे तांदूळ मागविणाऱ्या आपल्या गृहिणींच्या वाड्याबाहेरच ते धान्य विकावयास येत होते, फक्त नाव निराळे होते! ते विकत घेतले तर आपल्या आरोग्याबरोबर डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरातही चार पैसे जातील. आहाराचा सामाजिक लाभ म्हणतात तो असा.

शास्त्राचा कौल

पूर्वजांनी अनुभवाने जाणले ते शास्त्राने मोजून दाखविले आहे. १९५३ साली जेरी मॉरिस ह्या इंग्रज वैद्यक संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी प्रमाणात होतो आणि उशिरा होतो, असे त्याला आढळले. गाडी एक, पगाराची पेढी एक. भेद केवळ बसण्याचा आणि चालण्याचा.

आपल्या बाबतीत धोका अधिक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालके यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो. परंतु वजनात जी तूट होती ती मुख्यतः स्नायूंची होती. चरबी मात्र फारशी कमी नव्हती. म्हणजे आपले मूल जन्मतःच दिसावयास कृश आणि आतून मेदयुक्त असते. २००४ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण इंग्रज डॉक्टरांच्या देहात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या देहात २१.२ टक्के. 'मी कुठे लठ्ठ आहे?' असे म्हणणाऱ्या प्रत्येक सडपातळ मराठी गृहस्थाने हे आकडे मनाशी जपावेत.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या ओळखीच्या दहा घरांची मनाशी मोजदाद केली तरी हे आकडे दूरचे वाटत नाहीत. ह्या रोगाची झळ एकट्या रोग्याला बसत नाही. कर्ता पुरुष पन्नाशीत अंथरुणाला खिळला की परप्रांतातील लहान कुटुंबाचा कणाच मोडतो. गावाकडे निदान चुलते, मावश्या, शेजारपाजार असतो. येथे सारा भार एका पत्नीवर आणि शिकणाऱ्या मुलांवर पडतो. म्हणून देशांतर केलेल्या माणसाला प्रकृती सांभाळणे हे इतरांहून अधिक निकडीचे कर्तव्य आहे.

स्त्रियांचा विसरलेला वाटा

ह्या गौरवशाली इतिहासात एक मोठी उणीव आहे आणि सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगीही ती झाकून ठेवणे बरे नव्हे. तालीम ही पुरुषांची होती. स्त्रीला जाते, उखळ, मुसळ आणि विहीर होती. तिच्या श्रमांना कोणी व्यायाम म्हटले नाही, आणि सर्वांच्या पंगती उठल्यावर उरलेसुरले खाऊन तिने दिवस काढले. जाते गेले, गिरणी आली. विहीर गेली, नळ आला. श्रम हलके झाले ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु त्यांच्या जागी तिच्यासाठी व्यायामाची कोणतीही सोय आपण केली नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हे केवळ गरिबांच्या घरचे दुखणे नाही.

मंगळागौरीच्या रात्री फुगडी, झिम्मा, पिंगा खेळून जागरण करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या वर्षातून एकदा का होईना मोकळेपणाने देह वापरीत. ते खेळ आता रंगमंचावर पाहावयाचे झाले आहेत. सुदैवाने काळ पालटत आहे. दोरीच्या मल्लखांबावर मुलींनी प्रावीण्य मिळविले आहे. मुंबईच्या हिमानी परब हिला मल्लखांबासाठी २०२१ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या खोखोच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुषांबरोबर स्त्रियांनीही अजिंक्यपद पटकाविले, आणि त्या स्त्रीसंघाची नायिका महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. आपल्या अंगणातला खेळ जगाच्या मैदानावर गेला तो मुलींना बरोबर घेऊनच.

आपल्या हातचे

आता शेवटचा आणि व्यावहारिक प्रश्न. आपण काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम प्रतीचा व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास भरभर चालले तर पाच दिवसांत हे माप भरते. आणि चालण्यासाठी जबलपूरपेक्षा सुंदर गाव शोधूनही सापडणार नाही. पहाटेचा ग्वारीघाट आहे, मदनमहालच्या टेकड्या आहेत, भंवरताल उद्यान आहे. ज्यांना गुडघे साथ देतात त्यांनी बारा नमस्कारांपासून आरंभ करावा. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी प्रथम वैद्याचा सल्ला घ्यावा.

परंतु खरे कार्य मंडळाचे आहे. नियम टिकविण्यास सोबत लागते असे वर म्हटले, आणि सोबत हीच मंडळाची मोठी ठेव आहे. ज्या सभागृहात नाटकाच्या तालमी होतात तेथे आठवड्यातून काही सकाळी दुसऱ्या अर्थाची तालीम व्हावी. गणेशोत्सवात संगीत खुर्चीच्या जोडीला खोखो आणि लेझीम यावी, आणि त्यांत मुलींना व सुनांना मुलांइतकेच स्थान असावे. महाप्रसादाच्या पंगतीत कोशिंबीर पुन्हा वाटीने वाढली जावी, आणि चतुर्थीच्या उपवासाला कधीतरी कुटकीचा भात शिजावा. वृद्धांसाठी वर्षातून एकदा रक्तशर्करा आणि रक्तदाब तपासण्याची सोय व्हावी. मंडळाच्या सभासदांत वैद्यक व्यवसायी असतातच. ह्यांतील कशालाही मोठा निधी लागत नाही. लागतो तो एक वस्ताद, आणि वेळेवर येणारी दहा माणसे.

पन्नास वर्षांत मंडळाने आपल्या वाणीची जोपासना केली. ती वाणी ज्या देहातून उमटते त्याची जोपासना पुढील पन्नास वर्षांत व्हावी. शतकमहोत्सवाच्या दिवशी आज बालवर्गात बसणारी मुले साठीच्या घरात असतील. त्यांनी काठी न टेकता व्यासपीठाच्या पायऱ्या चढाव्यात, आणि त्या वेळच्या स्मरणिकेत ग्रंथालयाच्या व नाट्यशाखेच्या इतिहासाबरोबर व्यायामशाखेचाही इतिहास छापला जावा, हीच नर्मदामाईच्या चरणी प्रार्थना.